बदलाचं कारण

ऑगस्टमधली कतारच्या मेसईदची हवा म्हणजे तोंडावर ओला टॉवेल! लॅबच्या एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ आणि समोरचं जग गायब. त्या दिवशीही मी दार उघडलं, तशीच आंधळी झाले आणि कुणाच्या तरी हातातल्या खोक्यावर आदळले.

"आई गं!"

"अरे वा, मराठी!" खोकं बोललं. "पुसा, निवांत चष्मा पुसा. मी कुठे पळून नाही जात."

पुसला. धुळीने माखलेलं जॅकेट, उन्हाने रापलेला चेहरा आणि गालावर खळी... बाई गं! वाफ होती तेच बरं होतं.

तो कैवल्य. पुण्याचा, वर्ल्डकपच्या एका स्टेडियमवर इंजिनिअर. मी विभावरी, नाशिकची. स्टेडियम गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपांवर प्रेशर दाखवणारे गेज असतात. ते खरं दाखवतात की थापा मारतात, हे तपासून कॉम्प्युटरवर नोंदवायचं, हे माझं काम. आमच्याकडे प्रत्येकाचा लॉगिन वेगळा. केलेली नोंद पुसता येत नाही. बदलायची असेल तर नाव आणि बदलाचं कारण लिहायलाच लागतं, नियमच तसा आहे.

मग तो वरचेवर यायला लागला. कधी कधी तर हातात गेजही नसायचा.

"बाकरवडी आणलीय, पुण्याची."

"लाच?"

"छे हो! लाच द्यायला हिंमत लागते." खळी पडली. माझं अख्खं टेबल उजळलं, खरंच!

आणि एका गुरुवारी तो धावतपळत आला. रविवारी स्टेडियमचा हँडओव्हर होता आणि त्याचा एक गेज मी सकाळीच फेल केला होता.

"तुमचे लॅबप्रमुख श्यामराव साहेब सुट्टीवर आहेत ना? त्यांचा पासवर्ड मॉनिटरमागे चिकटवलाय, सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या लॉगिनने पास करून टाका."

"आणि कारण काय लिहू?"

"टायपिंग मिस्टेक... विभावरी, माझं प्रमोशन अडकलंय. माझ्यासाठी — एवढंच."

माझ्यासाठी! किती दिवस हा शब्द ऐकायचा होता, आणि आला तो असा.

"त्या पाइपांच्या आसपास उद्या माणसं वावरणार आहेत," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या नावाने खोटं लिहायला मी नाही बसले इथे." मॉनिटरमागची चिठ्ठी काढली, त्याच्यासमोर टराटरा फाडली आणि पासवर्ड बदला म्हणून श्यामरावांना मेल टाकला.

"खलास," तो इतकंच म्हणाला आणि गेला.

घरी, अल सद्दला जाणाऱ्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. हो, रडले! पण दुसऱ्या दिवशी मान ताठ ठेवून कामाला आले. गेज कुणाच्या प्रेमात पडत नाही, मग मी प्रेमापोटी त्याला का पास करू?

सप्टेंबर सरला. गेज घेऊन त्याच्या साइटवरचा रहमान यायचा. मी कैवल्यची चौकशी करायचे नाही — म्हणजे, तोंडाने करायचे नाही.

ऑक्टोबरमध्ये दार उघडलं... आणि तो! हातात खोकं.

"हा फेल आहे," तो म्हणाला.

"तपासण्याआधीच?"

"साइटवर शंका आली. साहेब म्हणाले, चालवून घे. मी पाइपवरून काढून आणला." तो कसनुसं हसला. "हँडओव्हर परत लांबला. प्रमोशन पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

तपासला. खरंच फेल! सिस्टिममध्ये तो 'वापरात' होता, मी 'बाद' केला. लगेच चौकट उघडली — बदलाचं कारण.

"रीडिंग चुकीचं," मी टाइप केलं. मग त्याच्याकडे न बघताच विचारलं, "आणि तुमच्यात झालेल्या बदलाचं?"

"तुम्ही." तो थांबला. "...तू. नोंदव. पुसता येत नाही, माहितेय मला."

एसी चालू असूनही चष्म्यावर वाफ आली.

पुढे त्याच्या स्टेडियममधल्या पहिल्या सामन्याला आम्ही दोघं गेलो. पायांशी गार हवा खेळत होती. ती हवा आमची होती, आमच्या खऱ्या नोंदींची! माझी छाती नुसती फुगली होती.

"आता तरी तुझा पासवर्ड सांग," तो कानाशी कुजबुजला.

"लग्नानंतरसुद्धा नाही!"

तो खो खो हसला आणि शेजारच्या अनोळखी माणसाला ऐटीत म्हणाला, "भाईसाब, इस मॅडम ने आज तक किसी को झूठा पास नहीं किया. मुझे भी एक बार फेल कर चुकी है!"