अंगभर उजेड

"उठा आधी! तुम्ही माझ्या कमरेवर बसलाय."

तो दचकून उभा राहिला. एका हातात डब्याचं झाकण, तोंडात घास... आणि मागे वळून तो ज्यावर बसला होता त्याकडे बघू लागला. फोमच्या दोन जाड गाद्या होत्या, मधे बांधायला नाडी.

"ही... कंबर आहे?"

"कंबर आणि तिच्या खालचं सगळं. पोट त्या पिशवीत आहे. दंड खुंटीला टांगलेत."

"आणि हे सगळं तुमचं?"

"मापानं माझंच. विश्वास नसेल तर टेप आणते, मोजून बघा—"

बोलून गेले आणि जीभ चावली. अनोळखी माणसाला कुणी असं म्हणतं का? माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते, ते काही खोटं नाही.

तो कानापर्यंत लाल झाला. "नको नको... विश्वास आहे," म्हणाला. मग त्यानं ती कंबर दोन्ही हातांनी अलगद उचलली, झटकली, तिच्यावरचा खाण्याचा कण टिपून घेतला आणि माझ्या हातात दिली. मला हसू आवरेना.

आमची कंपनी बायकांचे कपडे बनवते. मी तिथे कटिंगला आहे. कागदावर नमुना काढायचा, कापड कापायचं, शिवून आलं की बघायचं. सगळे मला मास्तरीण म्हणतात. हल्ली जो तो मोठ्या मापाचे कपडे काढतोय. मासिकं झाली, जाहिराती झाल्या, सगळ्यांना अचानक शोध लागलाय की जगात जाड बायकाही असतात. तेव्हा आमच्या मॅडमनीही दारावर 'सगळ्या जणींसाठी' अशी पाटी लावली. कपडा अंगावर चढवून बघायला जो पुतळा असतो, तो एवढ्या मापाचा मिळेना. मग पुतळा कोण? मी!

पण फोटोची वेळ आली की बोलावणं जायचं एका सडपातळ मुलीला. तिच्या अंगाला या गाद्या बांधायच्या, वरून ड्रेस चढवायचा. त्या गाद्याही मीच कापलेल्या, माझ्या अंगावरून. वर तिचा चेहरा, तिची लांब मान, आणि मानेखाली मी. बिचारी घामाघूम व्हायची. "मास्तरीणबाई, तुम्ही फार गरम आहात हो," म्हणायची. स्वभावानं सोन्यासारखी पोरगी, तिच्यावर राग तरी कसा धरणार?

"मग मोठ्या अंगाचीच कुणी का नाही उभी करत?" हे सगळं ऐकून त्यानं विचारलं.

"नवीन दिसताय," मी म्हटलं.

नवीनच होता. आमचा नवा फोटोवाला. मी त्याचं नाव उजेडराव ठेवलं, कारण या माणसाला एक खोड होती. कुठेही गेला तरी आधी स्वतःचा हात पुढे धरायचा आणि त्यावर उजेड कसा पडतो ते बघायचा. जिन्यात, चहाच्या टपरीवर, अगदी माझ्या टेबलापाशीसुद्धा. टेबलापाशी तो फारच वेळा यायला लागला, ही गोष्ट वेगळी.

"खडू आहे का एखादा?"

"काल नेलात तो काय खाल्लात?"

"...हरवला."

"परवाचा?"

"तोही... फार बारीक असतात हो तुमचे खडू."

"या खोलीत बारीक असं तेवढंच आहे," मी म्हटलं. तो हसला नाही. माझ्या अंगावरच्या विनोदांना तो कधीच हसायचा नाही. बाकी कशालाही हसायचा, पण तिथे नाही. मला आधी राग यायचा. मग मी ते विनोद त्याच्यासमोर करायचंच सोडून दिलं, आणि माझं मलाच नवल वाटलं.

एकदा गंमत म्हणून त्याचं काम बघायला गेले. मळकट राखाडी भिंत, तिच्यापुढे एक साधं लाकडी स्टूल. त्यानं थर्माकोलचा एक पांढरा तुकडा उचलला, जरासा तिरपा धरला... आणि स्टूल उठून दिसायला लागलं! त्याच्या पायावरचा ओरखडासुद्धा देखणा झाला. मी बघतच राहिले.

"जादू आहे की हो," माझ्या तोंडून निघालं.

"मी काही नाही करत. जे असतं तेच दिसतं. बहुतेक वेळा आपण अंधारात बघतो, एवढंच," तो म्हणाला.

फोटोच्या दिवशी ती मुलगी वाटेत कुठेतरी अडकली. ड्रेस तयार होता. गर्द जांभळा, घेरदार, माझ्या हातचा सगळ्यात चांगला कट. उजेडराव दिव्यांपाशी खोळंबला होता.

"तुम्ही... उभ्या राहता का?" तो म्हणाला. "ड्रेस तुमच्याच मापाचा आहे. नुसता उजेड बघायचाय."

"अजिबात नाही!"

इतकी जोरात ओरडले की तो दोन पावलं मागे सरला. त्याला काय माहीत? आमच्या घरच्या कुठल्याही फोटोत मला शोधून दाखवा. असले तर कुणाच्या तरी खुर्चीमागे, नाहीतर मांडीवर कुणाचं तरी मूल धरून. नाहीतर सरळ "द्या, मीच काढते." मला फोटो आवडत नाहीत असं मी सगळ्यांना सांगत आले. फोटो आवडायचे. त्यातली मी आवडायची नाही.

"नंतर पुसून टाकीन," तो हळूच म्हणाला. "शब्द देतो."

कसं कोण जाणे, मी ड्रेस घालून उभी राहिले. दिवे लागले, आणि सवयीनं मी पोट आत ओढलं, श्वास धरला.

"श्वास सोडा," तो म्हणाला.

"सोडला तर सगळंच बाहेर येईल!"

"येऊ दे की. त्याच्यासाठीच तर एवढं कापड कापलंत."

असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी हसले. हसले ते पोट धरून, डोकं मागे टाकून, हात वर करून... आणि तो भराभर फोटो घेत राहिला. मग एकदम थांबला. कॅमेऱ्याच्या मागच्या काचेकडे नुसता बघत राहिला.

"काय झालं? बिघडला का?"

"नाही... तुम्ही इकडे या."

गेले. बघितलं. आई शपथ, क्षणभर मला वाटलं, ही कोण बाई? खांद्यापासून मनगटापर्यंत उजेड ओघळलेला. भरलेला दंड, भरलेली कंबर, पोटात हसू मावत नाहीये असं पोट. आरशात मी स्वतःला नेहमी तुकड्या-तुकड्यांनी बघितलेलं. आज केस, आज कॉलर, आज पदर नीट आहे का. अशी सगळीच्या सगळी, एकसंध, कधी बघितलीच नव्हती. ती बाई मला हवीहवीशी वाटली. आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून त्या चिमुकल्या काचेकडे बघत होतो आणि त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

तेवढ्यात धाडकन दार उघडलं. मॅडम! जिना चढता-उतरताना कधी धाप न लागणाऱ्या आमच्या मॅडम धापा टाकत होत्या.

झालं होतं असं: कॅमेऱ्याला एक तार असते, ती वरच्या मीटिंगच्या खोलीतल्या मोठ्या पडद्याला जोडलेली. मॅडमना वर बसून फोटो बघता यावेत म्हणून. या पठ्ठ्यानं नवखेपणी लोंबणारी तार दिसली ती कॅमेऱ्यात खोचली. आणि वर त्या वेळी एका मोठ्या दुकानाची खरेदीवाली मंडळी बसली होती. माझं प्रत्येक हसणं भिंतभर होऊन त्यांच्यापुढे गेलं.

"पुसून टाकीन म्हणालात ना?" मी त्याच्याकडे वळले.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मला खरंच माहीत नव्हतं... शपथ."

"अगं, ऐक तर!" मॅडम म्हणाल्या. "वर सगळ्यांनी हातातले कागद खाली ठेवले. त्यांच्यातल्या एक बाई तर उठून पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना हाच फोटो हवाय. नव्या दुकानाच्या अख्ख्या दर्शनी भिंतीवर, चार मजले! फक्त..." त्यांनी आवाज उतरवला, "आपण कमरेत थोडं आत घेऊ. दंडातही जरासं. कॉम्प्युटरवर सहज होतं ते."

"घ्या की! जरा जास्तच घ्या," मी म्हटलं. खरं सांगते, विचार न करता म्हटलं. अंगवळणीच पडलेलं ते.

"मी नाही घेणार," उजेडराव म्हणाला.

मॅडमनी भुवया वर केल्या. "काय?"

"यांनी हो म्हटलं तर आहे तसा जाईल. नाही म्हटलं तर जाणारच नाही, मॅडम. मी शब्द दिला होता." त्यानं कॅमेऱ्यातून छोटं कार्ड काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. "वर नुसतं दिसतं, साठत नाही. जे आहे ते यात आहे. हे तुमचं."

"सोमवारपर्यंत काय ते सांग," मॅडम मला म्हणाल्या. मग त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि तुमचंही सोमवारीच ठरवू."

घरी गेले ती धुमसतच. त्या तारेवर राग, मॅडमवर राग आणि सगळ्यात जास्त त्याच्यावर. फोटो पुसून तरी टाकायचा, नाहीतर लावून तरी मोकळं व्हायचं. हातात कशाला द्यायचा? आता नाही म्हटलं तर त्याची नोकरी जाणार. हो म्हटलं तर चार मजल्यांवर मी, पोट सोडून, सगळ्या गावासमोर. दोन दिवस मला घास गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी न राहवून कार्ड लॅपटॉपला लावलं आणि फोटो आईला दाखवला. आई माझ्याच अंगाची. हात पुसत आली, चष्मा लावला, खुर्ची ओढून बसली. मग तिनं एक बोट पुढे केलं आणि पडद्यावर माझ्या दंडाला लावलं.

"हा माझा दंड आहे," ती म्हणाली.

"हो."

"तुझ्या वयाची असताना मी अशीच होते गं. माझा एकही फोटो नाही. मीच कुणाला काढू दिला नाही." तिनं बोट दंडावरून कमरेवर आणलं. मग अगदी लहान मुलीसारखं विचारलं, "आपण अशा दिसतो?"

"अशाच दिसतो, आई."

"आणि मी मेली तुला लहानपणापासून पोट आत घे, पोट आत घे करत आले!" तिचे डोळे भरून आले. माझे तर केव्हाचे वाहत होते. आईला मी तशी कधीच बघितली नव्हती. ती माझ्याकडे बघत नव्हती, स्वतःकडे बघत होती, आणि तिला ते फार म्हणजे फार आवडलं होतं.

मग चष्मा पुसता पुसता म्हणाली, "हा काढला कुणी?"

"आहे एक. कामावरचा."

"त्यानं नुसता फोटो नाही काढलेला."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुझं डोकं! नमुने कापतेस आणि एवढं दिसत नाही?"

सोमवारी मी मॅडमच्या टेबलावर कार्ड ठेवलं. "लावा. पण बोटभरही घ्यायचं नाही, कमरेतही नाही आणि दंडातही नाही. आणि याच्यापुढे फोटोला गाद्या नाहीत."

मॅडमनी फोटो उघडला. बराच वेळ बघितला. बघता बघता त्यांनी सवयीनं स्वतःचं जाकीट पोटावर खाली ओढलं, आणि ओढता ओढता त्यांचा हात थांबला. "जाऊ दे असाच," त्या म्हणाल्या. "आणि त्याला सांग, कामाला लाग म्हणावं."

फोटो चढवायच्या दिवशी आम्ही दुकानासमोरच्या फुटपाथवर उभे होतो, उजेडराव आणि मी. गच्चीवरून माणसांनी दोर सोडले आणि ती भलीमोठी गुंडाळी उलगडायला लागली. आधी केस आले... मग कपाळ, मिटलेले डोळे, उघडं हसू. मग दंड. एक मजलाभर नुसता दंड! मी त्याची बाही घट्ट धरली. कंबर आली, पोट आलं, जांभळा घेर आला, आणि वाऱ्यानं सगळं एकदा हललं. जणू श्वासच घेतला. रस्त्यावरच्या गाड्या हळू झाल्या. माणसं माना वर करून थांबली. माझ्या शेजारी माझ्याच अंगाची एक बाई हातातल्या पिशव्या खाली ठेवून उभी राहिली. तिचा हात आपसूक छातीवर गेला होता.

मी त्याच्याकडे बघितलं. तो वर बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

"अहो, तिकडे बघा ना!"

"बघितलं."

"मग?"

"चार मजले कमी पडतात," तो म्हणाला.

आजवर मला आवडलेल्या कुणालाही मी सांगितलं नव्हतं. आधी स्वतःला आरशात बघ, असं कुणी म्हणेल याची भीती. आता मीच समोर चार मजले उभी होते. आणखी काय बघायचं राहिलं होतं?

"मला तुम्ही आवडता," मी म्हटलं. "फार आवडता."

त्यानं नुसता हात पुढे केला. या खेपेला उजेड बघायला नाही... माझा हात मागायला.

"परत म्हण," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीत.

"तू मला आवडतोस!" मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की शेजारची बाई गर्रकन वळली. तिनं माझ्याकडे बघितलं, वर बघितलं, परत माझ्याकडे बघितलं.

"अगं बाई... तूच ना ती?" ती म्हणाली. "मला वाटलं, फोटोत काहीतरी करतात. खरंच एवढी आहेस?"

त्याचा हात माझ्या हातात होता. मी श्वास सोडला.

"हो," मी म्हटलं. "एवढीच्या एवढी. सगळी मीच आहे."