रांगेतली धरून ठेवलेली जागा परत घेण्याबाबत

विषय : रांगेत धरून ठेवलेली जागा मूळ धारकाने परत घेण्याबाबत.

संदर्भ : मंगळवार, दिनांक ११ ऑक्टोबर २०२२, रात्री नऊ वाजून दहा मिनिटे. स्थळ : नेरेइदा ब्रू यांचं घर, बोका सेका.

हे माझ्या हातातल्या कागदाचं डोकं आहे. बाकीचा कागद नंतर दाखवतो. आधी बसा. मेणबत्ती एकच आहे, ती मध्ये राहू द्या. वीज काही अकराच्या आत येत नाही.

अर्धा तास झाला, तुम्ही ओसरीवर बसून त्या भागावरून भांडताय आणि मी ऐकतोय. 'दूरची चौकी', तिसरं पर्व, सहावा भाग. अवकाशातल्या चौकीवर नऊ माणसं. रोज रात्री कप्तान हजेरी घेतो, नऊजण 'हजर' म्हणतात आणि यंत्रावर श्वास मात्र दहा उमटतात. दहावा कोण, ते शेवटपर्यंत दाखवत नाहीत. लेयानिस म्हणते, यंत्रच बिघडलं होतं. पोरी, मी सदतीस वर्षं जन्ममृत्यूच्या कचेरीत कारकून होतो. मोजणीत एक जास्त निघतो तेव्हा बिघाड यंत्राचा नसतो.

आणि राउदेल, तू आत्ता 'आपल्याकडे असते तर' असं काहीतरी म्हणायला निघाला होतास, तेव्हा मी काठी आपटली. मुद्दाम आपटली. तुझ्या आधी एकाने तेच म्हटलं होतं.

लेयानिस, तू रोज सकाळी माझा पाव आणतेस आणि पावाच्या रांगेत सगळ्यांना सांगतेस की काकांचे गुडघे गेले. तुझे उपकार आहेत. पण माझे गुडघे ठणठणीत आहेत.

तर, आर्सेनिओ. नेरेइदाचा मुलगा, बत्तीस वर्षांचा, लग्न नाही. बाजाराच्या कोपऱ्यावर टेबल मांडून लायटर दुरुस्त करायचा, गॅस भरून द्यायचा. हात सोन्याचा, तोंड चालूच. दर मंगळवारी संध्याकाळी सायकल काढून तो बसथांब्यावर जायचा. शहराच्या बसमधून योसबेल उतरायचा, शर्टाच्या आत हार्ड डिस्क. तुम्ही ज्याला पाकीट म्हणता तेच, आठवड्याच्या सगळ्या मालिका त्यात भरलेल्या. योसबेल गावभर ते पाकीट फिरवायचा, पण पहिला मान आर्सेनिओच्या घराचा. दोघं शाळेपासूनचे मित्र, त्यात दोघंही त्या मालिकेचे वेडे. कोणत्या भागात कोणाच्या बाहीचं बटण तुटलेलं आहे, हेही त्यांना पाठ.

त्या मंगळवारीही तसंच झालं. डिस्क आणली, लॅपटॉपला लावली. आठ वाजता वीज गेली, तरी बॅटरीवर भाग पुरा झाला. नावं सरकायला लागली आणि बॅटरीही संपली. नऊ वाजून दहा मिनिटं. वेळ योसबेलने सांगितली, त्याच्या घड्याळाचे काटे अंधारात दिसायचे.

घरात तिघं. आर्सेनिओ, योसबेल आणि दाराजवळ झुलत्या खुर्चीत नेरेइदा. तिच्या मांडीवर निवडायला घेतलेल्या तांदळाचं ताट.

"दिग्दर्शक भित्रा आहे," आर्सेनिओ म्हणाला. "भूत दाखवायची हिंमत नाही, म्हणून नुसते श्वास ऐकवतो."

"लेका, न दाखवताच तू दोनदा पाय वर घेतलेस," योसबेल म्हणाला.

"मुंग्या होत्या."

"चौकीवर?"

नेरेइदा हसली. म्हणाली, "मला एक कळलं नाही. नऊ असोत की दहा, त्यांचं जेवण कोण करतं? तिला विचारा. तिला बरोबर माहीत असणार किती ताटं लागतात ते."

"म्हातारे, तू त्या कप्तानापेक्षा हुशार आहेस," आर्सेनिओ म्हणाला. "हजेरी घेऊन काय होतं? ज्याला लपायचं तो गप्प बसतो. तो आपल्याकडचा असता तर एकच प्रश्न विचारला असता. शेवटचा कोण? मग गप्प बसता येत नाही. जागा जाते."

खरं होतं ते. आपल्याकडे रांगेत कोणी एकामागे एक उभं राहत नाही. आला की विचारतो, शेवटचा कोण. एकजण हात वर करतो. तू कोणामागे, हेही त्याला विचारून ठेवायचं. मग झाडाखाली बसा, घरी जाऊन चूल बघून या, जागा कुठे जात नाही. सोडून जायचं असेल तर मागच्याला सांगून जायचं. परत येणार असाल तर ओळखीच्याला धरायला सांगायचं, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. या देशात मी बंद न पडलेली एवढी एकच गोष्ट पाहिली.

"चल, करून बघू," योसबेल म्हणाला. "तू कप्तान. विचार."

"शेवटचा कोण?"

"पहिली मी," नेरेइदा म्हणाली. "माझे पाय दुखतात."

"काकू, तुमच्यामागे मी," योसबेल म्हणाला.

"आणि योसबेलमागे मी. शेवटचा मी," आर्सेनिओ म्हणाला. "बघ, झालं. तीन माणसं, तीन..."

तो थांबला, कारण ओसरीच्या दारातून कोणीतरी बोललं.

"मग तुझ्यामागे मी."

आवाज पुरुषाचा की बाईचा, ते आर्सेनिओला नंतरही सांगता आलं नाही. वाईट नव्हता. लांबून चालत आलेल्या माणसाला रांग सापडली की जसा सुटकेचा आवाज निघतो, तसा होता.

शेजारचं कोणी असेल म्हणून नेरेइदा म्हणाली, "आत या की."

कोणी आलं नाही.

आर्सेनिओच्या खिशात नेहमी पाच-सहा लायटर. त्याने एक पेटवला. ओसरी रिकामी होती. फाटकाला आतून कडी. फरशीवर उंबऱ्याशी एक ओला गोल होता, वाटीच्या बुडाएवढा. पाऊस आठ दिवसांत नव्हता.

नेरेइदाने पायाने पुसला. पुसला गेला नाही. तिने ताट उचललं आणि म्हणाली, "उद्या उजेडात निवडते."

गुरुवार, वीस ऑक्टोबर, सकाळी सव्वासात. पावाची रांग. नेरेइदाचा नंबर आला. तिने पिशवी फळीवर ठेवली, रेशनचं पुस्तक काढलं आणि खाली बसली. लोकांना वाटलं चक्कर आली. मृत्यूच्या दाखल्यात हृदयविकार लिहिलंय. माझ्या जागी आलेल्या मुलीचं अक्षर वाईट आहे, पण तेवढं वाचता येतं.

मयताला योसबेल होता. आर्सेनिओला मिठी मारून रडला. दोघंही त्या रात्रीबद्दल बोलले नाहीत. मनात आलं असेलच. पण एकाहत्तर वर्षांची बाई, उभ्याने तासभर... कारण पुरेसं होतं.

आठ डिसेंबर. योसबेलला राजधानीला जायचं होतं. तिकीट नव्हतं, म्हणून स्थानकावर प्रतीक्षायादीत नाव लावून बसला. आर्सेनिओ सोडायला गेला होता. चार तास बसले. खिडकीतून नाव पुकारलं, "योसबेल कास्तेयानोस." तो पिशवी उचलून उठला, हसला, म्हणाला, "आला रे नंबर." मागे येणारा ट्रक त्याला दिसला नाही. ट्रकवाल्याला तो दिसला नाही.

लोक धावले. आर्सेनिओला पाय उचलेनात. त्याने मान खाली घातली. त्याच्या टाचांच्या मागे, कोरड्या सिमेंटवर...

वाटीच्या बुडाएवढा.

त्या दिवसापासून आर्सेनिओने रांगेत जाणं सोडलं. आता मला सांगा, आपल्या गावात रांगेत उभं न राहता माणूस किती दिवस जगेल? पाव रांगेत. तेल रांगेत. लायटरचा गॅस रांगेत. लोक त्याच्या टेबलाशी दोघंतिघं थांबले की तो टेबल मिटायचा. शेजारणी डबा द्यायच्या तेवढंच पोटात. महिन्याभरात शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. चालताना मान ताठ. कोणी हाक मारली तर वळायचा नाही, तिरका पुढे जाऊन गोल फिरून यायचा. पोरं त्याची नक्कल करायची. लेयानिस, तूही केलीस. मी पाहिलंय.

मंगळवार, सतरा जानेवारी, रात्री साडेनऊ. वीज नव्हती. आर्सेनिओ माझ्याकडे आला. पाठीवर पिशवी. गावात कोणालाही अर्ज लिहायचा असला की अजून माझ्याकडेच येतात, म्हणून मी विचारलं नाही, चष्मा लावला. माझी खुर्ची आत भिंतीशी होती. तो समोर बसला आणि मी तुम्हाला आत्ता सांगितलं ते सगळं त्याने सांगितलं.

"अमेरिकेतून, टॅम्पाच्या मामाने तिकीट काढलंय," तो म्हणाला. "परवाचं विमान."

"मग सुटलास की."

"काका, विमानतळावर रांग असते. सामानाची. शिक्क्याची. चढायची." त्याने बोटं मोजली. "पुढे आता कोणी नाही. माझाच नंबर."

"नको जाऊस मग."

"इथे उपाशी मरतोय."

"जागा सोडून दे. नियम आहे तो. सोडता येते."

"सोडताना मागच्याला सांगावं लागतं." तो हळू बोलत होता. "वळून सांगावं लागतं."

"मग? आर्सेनिओ, तू एकदाही वळला नाहीस?"

मी कागद घेतला. सवय. म्हटलं, "अर्ज करू. कोणाला उद्देशून?"

"ज्याला लागू असेल त्याला."

"असं लिहून चालत नाही. कचेरी लागते."

तो जरासा हसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग दाराकडे बघत अगदी साध्या आवाजात म्हणाला, "काका, सायकल बाहेर आहे, कुलूप नाही. बघून येतो. तेवढी माझी जागा धराल?"

मी विषयाची ओळ लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "जा. मी आहे."

अडुसष्ट वर्षांत हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन, त्याचा हिशेब नाही. तुम्हीही बोलता. विचार करून कोणी बोलत नाही.

तो उठला. दारात गेला. तिथे एकदा मागे वळला, पूर्ण वळला, आणि माझ्याकडे बघितलं. त्याचे खांदे खाली आले. मग सायकलची साखळी वाजली. लांब गेली. तिठ्यापर्यंत ऐकू आली.

मग नाही.

मी लिहीत राहिलो.

मग थांबलो.

माझी खुर्ची भिंतीला टेकलेली होती. मागे जागा नव्हती. बोट जाईल एवढीही नव्हती.

तरी मागे...

श्वास नव्हता तो. वाट बघणं होतं. घाई नाही. ढकलणं नाही. रांगेतलं सभ्य माणूस कसं असतं...

मी वळलो नाही.

"बरं," ते म्हणालं. "म्हणजे आता तुमच्यामागे."

मी वीज येईपर्यंत बसून होतो. पहाटे तीनला आली. मागे भिंत होती. पोपडे आलेली, नेहमीची.

आर्सेनिओ पोहोचला. सामान, शिक्का, चढणं, सगळं झालं. टॅम्पाहून फोटो येतात. अंगाने भरलाय. एका फोटोत मोठ्या दुकानात उभा आहे, मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, हातात दोन पाव. आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला सांगतो, मी माणूस पाठवून ठेवतो. हवापाण्याचं विचारलं की लगेच उत्तर देतो. जागेचं एकदा विचारलं. ते त्याने वाचल्याचं दिसतं.

मी त्याला दोष देत नाही. मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

पण मी कारकून माणूस. ज्याची जागा त्याने घ्यावी, एवढाच मुद्दा. मी अर्ज लिहिला, दोन प्रतींत. एक मूळ, एक पोचेसाठी. उद्देशून काही लिहिलं नाही, ती ओळ कोरी ठेवली. शनिवार, अकरा फेब्रुवारी, संध्याकाळी नेरेइदाच्या बंद घराच्या ओसरीवर, उंबऱ्याशी, दोन्ही प्रती दगडाखाली ठेवल्या. रविवारी सकाळी गेलो. दगड जागेवर. मूळ प्रत नाही. दुसरी प्रत व्यवस्थित घडी घालून ठेवलेली, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, जिथे आवक शिक्का मारतात, तिथे एक गोल.

तीच ही प्रत. चौदा महिने कपाटात आहे. उन्हाळ्यात खिडकीत ठेवली. इस्त्रीही फिरवली. लेयानिस, मेणबत्ती जवळ घे. बोट लाव. नुसतं टेकव.

...

हो. अजून ओला आहे.

हात पुसू नकोस गं, काही होत नाही. उद्याचा पाव आणशील ना? माझ्या नावाने उभी राहू नकोस मात्र. तुझ्याच नावाने उभी राहा, आणि तुला माझ्याबद्दल कोणी काही विचारलं तर गुडघेच सांग.

राउदेल, 'आपल्याकडे असते तर'च्या पुढचा तो प्रश्न राहू दे.

पोच मिळाली आहे. उत्तर आलेलं नाही. अर्ज प्रलंबित आहे.