जपून

साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या कमरेला आता तोलपट्टी असते. चार बोटं रुंद, साधा कापडी पट्टा. चालताना माणूस किती झुलतो ते तिच्यात नोंदलं जातं. पाऊल उचलण्याआधीच कमरेचे स्नायू भीतीनं किती आवळले, तेही नोंदलं जातं. या आधीच्या भीतीला डॉक्टर मंडळींनी ‘पूर्वधास्ती’ असं भारदस्त नाव दिलंय. ती वाढली की पट्टी हलकेच थरथरते.

केतकीच्याही कमरेला ती होती, पण तिला हे सगळं थोतांड वाटे. तिचा नवरा मंदार साताऱ्यात तीस वर्षं मल्लखांब शिकवत होता. दोन वर्षांपूर्वी तो न्हाणीघरात घसरला आणि तेव्हापासून ती हात पुढे धरून त्याच्या मागे चाले. “जपून रे, जपून!” हा तिचा दिवसभराचा जप. तरीही तो आणखी दोनदा पडला. आता खुबा मोडला तर कायमचं अंथरूण.

डॉ. अन्वी रुईकरांनी मंदारच्या पट्टीचे दोन आलेख केतकीच्या पुढ्यात ठेवले.

“काकू, हा आलेख काका एकटे चालले तेव्हाचा. आणि हा, तुम्ही मागे होतात तेव्हाचा.”

पहिली रेघ जवळपास सरळ होती. दुसरी नुसती थयथयाट करत होती.

“म्हणजे माझ्यामुळे पडतो तो?”

“पायांत दोष नाहीये. मेंदू पाऊल आधी मनात टाकतो, मग जमिनीवर. आपण पडणार असं त्यानं धरलं की घोटा आवळला जातो, आणि आवळलेल्या घोट्याला तोल सावरता येत नाही. तुमचा हात पुढे आला की काकांचा मेंदू पडायच्या तयारीला लागतो.”

“अगं, पण मी काळजीनं करते!”

“हो ना. पण मेंदूला तो इशारा वाटतो.”

 सहा आठवडे केतकीनं तोंडाला कुलूप लावलं, हात पदराआड बांधून ठेवले. रेघ काही शहाणी होईना.

“तू गप्प बसलीस की जास्तच भीती वाटते गं,” मंदार ओशाळून म्हणाला. “तू श्वास रोखून धरतेस, तो ऐकू येतो मला.”

शेवटी तिनंच कराडला धाकट्या बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. किती दिवस, ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. एकदा रुजलेली धास्ती तिला पाहताच पुन्हा उगवेल, एवढंच त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं.

निघायच्या सकाळी पिशवी घेऊन ती अर्धा जिना उतरली आणि न राहवून वर पाहिलं. ती गेली असं समजून मंदार दारात एका पायावर उभा राहून चप्पल चढवत होता. भिंतीला हातही न लावता, अगदी पूर्वीसारखा. तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं. 

“केतू, जपून उतर गं.”

हा जिना ती वर्षानुवर्षं धडाधडा उतरत आली होती. पुढची पायरी घ्यायला तिनं पाय उचलला. तिच्या स्वतःच्या कमरेची पट्टी हलकेच थरथरली आणि तिनं कठडा घट्ट धरला.