रिकाम्या सीटचा पट्टा

तिला वाटलं होतं, गेलेल्या माणसाचा हेवा करायचा तर माणूस फारच कोत्या मनाचा असावा लागतो. लग्नाआधी तिनेच त्याला बजावलं होतं, "तिचा फोटो बैठकीतून काढायचा नाही हं. मी तसली बाई नाही." आणि सहा महिन्यांत तिला कळून चुकलं, की आपण अगदी तसलीच बाई आहोत.

कोण ती? सांगतो. आधी ते जिन्याचं दार लोटून घ्या. आणि तू रे, तो मोबाइलचा उजेड बंद कर. भुताच्या गोष्टीला बॅटरी लागत नाही.

ही माझ्या सख्ख्या भाच्याची दुसरी बायको. दूर देशात शिकून आलेली. अंथरुणाला खिळलेल्यांना व्यायाम देऊन उभं करायचं, हे तिचं काम. तिकडची चांगली नोकरी सोडून आली. तिकडे पडलेल्याला उठवायला दहाजण आहेत, इकडे माणूस पडला की पडलाच, असं तिचं म्हणणं. बोलायला लागली की डोळे असे चमकायचे, की लुळा माणूससुद्धा उठून चार पावलं टाकेल. भाचा माझा चष्म्याच्या दुकानात बसायचा, विधुर. त्याने ते डोळे पाहिले आणि गडी गारद.

पण घर? घर पहिलीचं होतं. डब्यांवरची अक्षरं तिची, पडद्यांचा रंग तिचा. किल्ल्या अडकवायचा खिळासुद्धा तिच्या उंचीला ठोकलेला. पहिली बुटकी होती ना. ही उंच. रोज किल्ली काढताना हिला वाकावं लागायचं, आणि रोज वाकताना ती मनात म्हणायची, करा, नमस्कार करा.

त्या पहिलीला सगळं गाव मास्तरीण म्हणायचं. बायकांना मोटार चालवायला शिकवायची. ह्या गावात जिच्या हातात स्टिअरिंग दिसेल ती तिची चेली. शिकवणीच्या गाडीत डाव्या सीटपुढे जादा ब्रेक असतो, माहितीय ना? मास्तरीण त्या सीटवर बसायची. ओरडणं नाही, रागावणं नाही. चुकलीस की पायाखालचा ब्रेक दाबायची, डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची, आणि शांतपणे म्हणायची, "आधी बघ. मग जा." ह्या लग्नाच्या तीन वर्षं आधी तापाचं निमित्त झालं, आठवड्यात गेली. भाच्याने शिकवणीची गाडी, पाट्या, सगळं विकून टाकलं. बघवत नव्हतं त्याला.

आता ही नवी सून पेशंटच्या घरी जाणार. तिथे खाटेवरची म्हातारी विचारणार, "स्वतः गाडी चालवत आलीस? मास्तरणीकडे शिकलीस का गं?"

"नाही आजी, मी तिकडे शिकले."

"असं होय..."

त्या 'असं होय'मध्ये इतकी कीव, की हिला वाटायचं, आजींचा गुडघा जरा जास्तच वाकवावा.

म्हणून तिने गाडी घेतली. स्वतःच्या कमाईची, शोरूममधून, कोरी करकरीत. सीटवरचं प्लॅस्टिक तिने स्वतः फाडलं. ह्या गाडीत मास्तरणीचा एक केससुद्धा सापडणार नाही, असं तिने मला सांगितलं होतं. हसून सांगितलं. पण डोळे हसत नव्हते.

पंधरा दिवसांत गाडीने रंग दाखवले.

पहिल्यांदा पट्ट्याचा आवाज. शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही, की नव्या गाड्या पिंग-पिंग करतात. इथे सीट रिकामी, आणि पिंग-पिंग. मग त्याहून वाईट. गाडी आपोआप ब्रेक मारायला लागली. एकदा शाळेच्या कोपऱ्यावर, एकदा डेअरीच्या वळणावर. चालती गाडी जागच्या जागी थांबायची, ही स्टिअरिंगवर आदळायची, मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालायचे.

सर्व्हिस सेंटरच्या किती खेपा झाल्या, तिलाच ठाऊक. सेन्सर बदलला, ब्रेकचा अख्खा संच बदलला. तिथला सुपरवायझर दर वेळी तेच सांगायचा, "मॅडम, कॉम्प्युटरवर काही दाखवत नाही. आम्ही हायवेला सरळ पळवून आणली, लोण्यासारखी चालते. तुमचाच पाय पडत असेल."

"माझा पाय? माणसांचे पाय चालवणं हा माझा धंदा आहे. माझा पाय कुठे असतो ते मला कळतं."

"बरं, मग आवाजापुरता एक उपाय सांगू? रिकाम्या सीटचा पट्टा नुसता अडकवून ठेवा. वाजणार नाही."

"रिकाम्या सीटला पट्टा? का म्हणून? मी नवी गाडी घेतलीय, भंगार नाही. बदलूनच घेणार."

आणि घेणारच होती. शिकलेली, हक्कासाठी भांडणारी. अर्ज, फोटो, फोन, कंपनीच्या वरच्या साहेबापर्यंत धडक. शेवटी कंपनी नमली. बुधवारी सकाळी माणूस येऊन गाडी उचलणार आणि दुसरी देणार, असं ठरलं.

पण भाच्याने घोळ घातला. त्याने चालवली की गाडी गरीब गाय. ना पिंग, ना ब्रेक. एका संध्याकाळी ती चरफडत घरात आली आणि तिने त्याला ब्रेकचं सांगितलं. कुठे थांबली, कशी थांबली. तर हा ऐकता ऐकता हसला. आणि बोलून गेला, "ती अस्साच मारायची ब्रेक."

झालं. पुढे दोन दिवस त्या घरात भांडीच बोलत होती.

आता ती रात्र.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. गाडी उचलून न्यायच्या आधी शेवटची तपासणी करायची, म्हणून शहरातल्या वर्कशॉपने ती दिवसभर ठेवून घेतली होती. ही बसने गेली आणायला. साधं काम. गाडी ताब्यात घ्यायची, सही करायची, परत यायचं. पण त्यांनी दिली उशिरा. निघाली तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

शहर संपलं. हायवेचं काम चालू होतं, म्हणून शहरातून निघणारी वाहतूक आतल्या रस्त्याने वळवलेली. तो रस्ता जिथे पुन्हा हायवेला लागतो, तिथे गिट्टीचे ढीग आणि एक बंद पडलेला दिव्याचा खांब. तिथून उजवीकडे वळलं की घर. आकाशात चंद्र नव्हता. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

ती दमली होती. मनात एकच चाललं होतं. अस्साच मारायची. त्याचं ते हसू. असं हसू त्याने आपल्याला कधी दिलंय का...

पिंग.

तिने शेजारी पाहिलं. सीट रिकामी.

पिंग. पिंग.

"गप्प बस," ती म्हणाली. गाडीलाच.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. सीटची गादी... मध्ये दबलेली होती. थोडीशीच. हलकं, बुटकं माणूस बसलं तर दबेल, तेवढी.

आवाज थांबला. आपोआप.

आता गाडीत फक्त इंजिन. आणि तिचा श्वास.

वळण आलं. तिने वेग कमी केला. डावीकडे पाहिलं. मोकळं. तिने गाडी पुढे घातली...

ब्रेक.

अर्धी मान मोडेल असा. गाडी हायवेच्या तोंडाशी उभी. तिचे दोन्ही पाय हवेत होते. तिने पाहिले. दोन्ही पाय.

आणि मग... डॅशबोर्डवर.

टक. टक.

पोरांनो, तिला भीती वाटायला हवी होती ना? ती मला म्हणाली, मामा, भीती नाही वाटली. राग आला. इतक्या दिवसांचा साठलेला सगळा. ती त्या रिकाम्या सीटकडे वळून ओरडली, "उतर! माझ्या गाडीतून उतर! घर तुझं, डबे तुझे, गाव तुझं! तोसुद्धा तुझाच! एवढी एक वस्तू माझी आहे, इथे तरी येऊ नकोस!"

तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं. गाडी तसूभर हलली नाही.

तिने सगळा भार दिला. दात आवळून.

नाही.

आणि उजवीकडून अंधारातलं काहीतरी आलं. मोठं. दिवे नसलेलं. उतारावरून सुटल्यासारखं... ट्रक. तिच्या बॉनेटसमोरून हातभर अंतरावरून गेला. गाडी अख्खी हलली. काचेवर खडी ताडताड उडाली. गेला. लाल दिवासुद्धा नव्हता मागे.

मग शांतता.

खूप वेळ... शांतता.

ती म्हणते, त्या शांततेत तिला कळलं. तिकडच्या देशात गाड्या रस्त्याच्या उलट्या बाजूने चालतात. तिथे आधी डावीकडे बघायचं. तिची मान तशीच घडलेली. शाळेचा कोपरा, डेअरीचं वळण... दर वेळी तिने आधी डावीकडेच पाहिलं होतं. सरळ रस्त्यावर गाडी कधीच थांबली नव्हती.

तिने हळूच उजवीकडे पाहिलं. मग डावीकडे. मग पुन्हा उजवीकडे.

ब्रेक सुटला. तिला जाणवलं. कुणीतरी पाय उचलावा, तसा.

घरापर्यंत तिने नजर रस्त्यावरून हलवली नाही. शेजारी तर तिने पाहिलंच नाही. गाडी दारात लावली, कुलूप केली, किल्ली त्या खिळ्याला न अडकवता मुठीत घेऊन झोपली. झोपली कसली. पडून राहिली.

सकाळी भाच्याची हाक आली. ती धावत बाहेर गेली. हा गाडीच्या मागे उभा.

मागच्या काचेवर, आतल्या बाजूने, लाल पट्टीचा एल चिकटवलेला. शिकाऊ माणसाच्या गाडीला असतो तो. काचा बंद, दारं बंद, किल्ली हिच्या मुठीत.

"हा तिच्या हातचा आहे," भाचा म्हणाला. "ती स्वतः कापायची. खालचा पाय नेहमी जरा लांब व्हायचा... बघ ना. पण मी सगळे देऊन टाकले होते गं. एकही ठेवला नव्हता."

तिने रात्रीची हकीकत सांगितली. म्हणजे, एवढंच म्हणाली की ती आली होती, आणि मी जिवंत आहे ते तिच्यामुळे.

भाच्याने काचेवरूनच त्या एलच्या लांब पायावर बोट फिरवलं. मग म्हणाला, "तुझ्याकडे आली." थांबला. "तीन वर्षं मी त्या घरात एकटा झोपत होतो. माझ्याकडे एकदाही..."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चमकली. ते तोंड तिच्या ओळखीचं होतं. किल्ली काढायला वाकल्यावर दाराच्या काचेत तिला स्वतःचं रोज दिसायचं, तस्संच. फक्त आज ते त्याचं होतं.

तेवढ्यात कंपनीचा माणूस आला. गाडी न्यायला.

"नको," ती म्हणाली. "ठेवतेय मी."

"पण मॅडम, दोष? तुमचा तर केवढा मोठा अर्ज..."

"दोष सापडला. गाडीत नव्हता."

तो डोकं खाजवत गेला. तिला पेशंटकडे जायचं होतं, भाच्याला दुकानात. तो सवयीने पुढचं डावं दार उघडायला गेला.

"मागे बस," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग दार सोडलं, आणि निमूट मागे जाऊन त्या लाल एलखाली बसला.

तिने किल्ली फिरवली. पिंग, पिंग.

तिने हात लांब करून शेजारचा पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आणला आणि खटकन अडकवला. आवाज थांबला. मग तिने आधी उजवीकडे पाहिलं.