यंदा खरं सांगणार

बनाबाई जिना चढून वर आली तेव्हा तिच्या हातात दुधाची रिकामी बादली होती. ती कशाला आणली, हे तिलाही सांगता आलं नसतं. रोज त्या वेळी हातात बादली असते म्हणून होती, एवढंच.

"मालकास्नी उद्या कोर्टात उभं करणार हाईत," ती दारातूनच म्हणाली. "तितनं थेट कळंब्याला."

कोल्हापुरात कुणी 'कळंब्याला' असं म्हटलं की तो तलाव बघायला निघालाय, असं कुणाला वाटत नाही. तुरुंगही तिथंच आहे.

संयोगिता इंगवलेनं खुर्ची पुढे सरकवली. शिवाजी पेठेत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत तिची खाजगी चौकशीची कचेरी होती. येणारी बहुतेक कामं लग्नाआधीची. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का. खुनाचं काम क्वचित यायचं, आणि तेही बहुधा लग्नानंतरचं.

पलीकडच्या टेबलाशी जोतीराम गवंडी बसले होते. सरकारच्या सांख्यिकी खात्यातून निवृत्त. इतरांनी पाठवलेल्या आकड्यांची बेरीज करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि छापील आकडा खोटा असू शकतो ही शंका त्यांना एकदाही शिवली नव्हती. घरात बसवेना म्हणून ते इथं येत. पगार नव्हता, चहा होता.

"म्हणजे आकाराम गवळी तुमचे मालक," संयोगिता म्हणाली. "शिंत्रे सर ज्यांच्या म्हशीचं दूध प्याले ते."

"व्हय. प्याले आनि पडले."

गोष्ट शहराला पाठ झाली होती. डॉ. अमरसिंह शिंत्रे हे अर्थतज्ज्ञ. दर मार्चमध्ये 'येत्या वर्षी राज्याची आर्थिक स्थिती' या विषयावर त्यांचं व्याख्यान व्हायचं. ते ऐकून लोक फ्लॅट घ्यायचा की थांबायचं, भट्टी वाढवायची की नाही, लेकीचं लग्न हॉलमध्ये करायचं की दारात, हे ठरवायचे. सर तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यामुळे संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभ्यानं धारोष्ण दूध प्यायची सवय सुटली नव्हती. शनिवारी ते दूध प्याले, मिशा पुसल्या, चार पावलं चालले आणि कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत संपले होते. पोटात विष निघालं.

व्याख्यान उद्या होतं.

"त्याच म्हशीचं दूध आणखी कोण प्यालं?"

"दोघं पैलवान. सरांच्या आधी. ठणठणीत हाईत."

"ग्लास कुणाचा?"

"सरांचा सोताचा पितळी पेला. पिशवीतनं आणायचं. आमाला इसळू बी द्यायचं न्हाईत. पान्याचा थेंब लागला की दूध गेलं म्हणायचं. कोरडाच पेला सडाखाली."

"पडल्यावर तो पेला कुठं गेला?"

"त्यांचा असिस्टंट हाय की, राजवीर. कुनीतरी त्याला फोन केलता, त्यो पळत आला. पेला उचलून पिशवीत घातला, रिक्षा आनली, सरास्नी घिऊन गेला. काल पोलिसांनी त्याच्याकडनं पेला आनून तपासला. त्यात काय बी गावलं न्हाई. मग म्हनाले, पेल्यात न्हाई, म्हशीत न्हाई, मंजे आकारामच्या हातात."

जोतीरामांना हे अगदी तर्कशुद्ध वाटलं. बनाबाईच्या हातातल्या बादलीकडे बघून त्यांनी आपला चहा तिच्यापुढे सरकवला.

संयोगितानं फौजदारांना फोन लावला. "पेल्याच्या अहवालात काय आहे? शब्दाला शब्द वाचा."

"'पेला स्वच्छ आढळला,'" फौजदारांनी कंटाळून वाचलं. "'विषाचा, दुधाचा वा अन्य कुठल्याही पदार्थाचा अंश नाही.' झालं समाधान?"

"झालं."

"म्हणजे पेला सुटला," जोतीराम म्हणाले.

संयोगितानं गाडीची किल्ली घेतली. खाली सायकलवाल्याचं शटर बंद होतं, तिथं लावलेली गाडी काढायला कुणाला हाक मारावी लागली नाही.

शनिवारी दुपारी सरांच्या ऑफिसात दोन पाहुणे येऊन गेले होते. पहिला सम्राट, बिल्डर. कळंब्याला त्याचा टॉवर उभा राहत होता. प्रत्येक फ्लॅटच्या खिडकीतून तलाव दिसणार, असं माहितीपत्रकात होतं. दुसऱ्या खिडकीतून तुरुंगाची भिंत दिसणार होती, ते नव्हतं.

"गेलतो की," तो म्हणाला. "म्हटलं, सर, यंदा जरा बरं बोला. राज्य जोरात हाय, पैसा येतोय, असलं कायतरी. समदी गिऱ्हाइकं तुमच्या तोंडाकडं बघत थांबल्यात. हसले. म्हणाले, 'सम्राट, यंदा मी खरं सांगणार आहे.' म्हटलं, आता एक बी फ्लॅट खपत न्हाई."

"खरं म्हणजे वाईट, असं तुम्ही धरलंत."

"बाई, चांगलं सांगायचं असलं तर 'खरं' कशाला म्हणतील?"

"सरांची पिशवी कुठं होती तेव्हा?"

"दाराजवळ, खुंटीला. का?"

ती गाडीकडे निघाली.

दुसरे पाहुणे खिजर मुजावर. उचगावात त्यांची फाउंड्री. भट्टी थंड होती आणि आवारात एक पहारेकरी सोडला तर चिटपाखरू नव्हतं. खिजरभाई एकटेच ऑफिसात बसून भिंतीकडे बघत होते.

"सुट्टी हाय, पण घरात करमत न्हाई," ते म्हणाले. "आमचं शिष्टमंडळ मंत्र्याकडं जाणार, विजेच्या दरात सवलत मागायला. सरांनी 'येतं वर्ष वाईट' एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. तेच सांगायला गेलतो."

"मग काय म्हणाले?"

"'खिजर, यंदा मी खरं सांगणार आहे.' म्हटलं, मेलो. आता हे सगळं झकास चाललंय म्हणून सांगणार, आनि मंत्री आम्हाला चहा पाजून परत पाठवणार."

पिशवी त्यांनीही बघितली होती. खुंटीलाच.

गाडीत जोतीराम बराच वेळ विचार करत होते. "एकाला चांगलं ऐकायचं होतं, एकाला वाईट," ते शेवटी म्हणाले. "सर नक्की काय सांगणार होते ते कळलं, की खुनी कळला."

"बरोबर, काका," संयोगिता म्हणाली. "फक्त खुनी या दोघांपैकीच एक, असं का धरताय?"

महाद्वार रोडवर दोन्ही बाजूंची शटरं खाली होती. एरवी जिथं गाडी मुंगीच्या चालीनं सरकते, तिथून ती सरळ निघाली. बंद शटरांच्या त्या रांगेकडे बघताना जोतीरामांना उगाच वाटून गेलं, की सरांनी न सांगितलेलं येतं वर्ष असंच दिसत असणार.

सरांचं ऑफिस एका बोळात होतं. राजवीर शनिवारपासून तिथंच मुक्कामाला होता, कारण शहर सोडायचं नाही असं पोलिसांनी बजावलं होतं. राहणारा पुण्याचा, बोलणं स्वच्छ, टेबल त्याहून स्वच्छ. खिडक्या मात्र बंद.

"सर काय सांगणार होते, ते तुम्हाला माहीत असणार," संयोगिता म्हणाली.

"अर्थात. येतं वर्ष उत्तम. राज्याची वाढ, लोकांची खरेदी, सगळं वर जातंय. आमचे आकडे मुंबईला गेलेत, तिथल्या अहवालात आमच्या सर्व्हेचा आधार घेतलाय."

"सर्व्हे कोण करायचं?"

"मीच. हिवाळाभर. दर सोमवारी महाद्वार रोड आणि राजारामपुरी, एकेक दुकान धरून. शनिवार-रविवारची विक्री सोमवारी ताजी असते, आणि गिऱ्हाईक कमी, त्यामुळे दुकानदार निवांत बोलतो. शास्त्रीय पद्धत आहे ती."

जोतीरामांनी मान डोलावली. असा माणूस खात्यात मिळावा म्हणून त्यांनी आयुष्यभर वाट बघितली होती.

"आज सोमवार," संयोगिता म्हणाली. "आज गेला नाहीत?"

"आज कसा जाणार, मॅडम? आज नाही जमणार कुणाशी बोलायला."

"पेला तुम्हीच पोलिसांना दिलात ना?"

"कट्ट्यावर पिशवीत टाकला, तो काल ते मागायला आल्यावर तसाच काढून दिला. मध्ये मी हातही लावला नाही."

"'यंदा मी खरं सांगणार' असं सर तुम्हाला म्हणाले होते?"

राजवीरनं टेबलावरचं पेन सरळ केलं. "मला नाही म्हणाले."

ऊन उतरल्यावर संयोगितानं सगळ्यांना गंगावेशीच्या कट्ट्यावर बोलावलं. फौजदार आले ते घड्याळ बघतच. सम्राट आणि खिजरभाई एकमेकांपासून लांब उभे राहिले. राजवीरला जोतीरामांनी गाडीतून आणलं. वाटेत जोतीराम आपल्या खात्याबद्दल सांगत होते आणि तो मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. म्हशी खुंट्यांना बांधलेल्या होत्या. लोक जमले होते, पण रस्त्याच्या पलीकडे.

"पेल्यात विष सापडलं नाही म्हणून आकाराम आत आहे," संयोगिता म्हणाली. "पण पेल्यात दूधही सापडलं नाही. बनाबाई, म्हशीचं दूध प्यालेला पेला न धुता रात्रभर ठेवला तर?"

"तळाला चिकाटतंय," बनाबाई म्हणाली. "राखंनं घासल्याबिगर निघत न्हाई."

फौजदारांनी घड्याळ बघायचं थांबवलं.

"म्हणजे तो कुणीतरी घासला. मालक दवाखान्यात मेलेला असताना त्याचा पेला घासायचं कुणाला सुचेल? त्या पेल्यात काय होतं हे ज्याला माहीत आहे, त्यालाच. सर पेला विसळू देत नसत. तळाला टाकलेली पूड तशीच राहिली, वरून दुधाची धार पडली, फेस आला. पिशवी खुंटीला होती, त्यामुळे पूड सम्राटही टाकू शकला असता, खिजरभाईही. पण नंतर पेला या दोघांच्या हाती लागलाच नाही. शनिवार संध्याकाळपासून पोलीस येईपर्यंत तो एकाच माणसाकडे होता, आणि तो म्हणतो मी हात लावला नाही."

राजवीर पांढरा पडला नाही, घामाघूमही झाला नाही. तो नम्रपणे म्हणाला, "मॅडम, मी सरांना का मारीन? आमचा अंदाज एकच होता."

"असेलही. महाद्वार रोड इथून जवळ आहे. तुम्ही दर सोमवारी जाता त्यातलं एक दुकान दाखवा. कुठलंही. मालकानं तुम्हाला ओळखलं, की मी माफी मागते."

राजवीर वळला. मग थांबला. चौकाच्या पलीकडे, नजर जाईल तिथपर्यंत, शटरं खाली होती.

"अरे बाबा, सोमवारी हितं कोन..." सम्राट हसत बोलायला लागला आणि मधेच गप्प झाला.

"कोल्हापूर रविवारी उघडं असतं आणि सोमवारी बंद," संयोगिता म्हणाली. "कारखान्यांनाही आजच सुट्टी. तुम्ही इथं एक सोमवार काढला असता तर कळलं असतं. सरांना भेटून रविवारीच परत जायचात, सर्व्हे पुण्यात बसून लिहिलात. सर इतके दिवस आकडे बघत होते, वार बघत नव्हते. परवा तो बघितला असणार. म्हणून भेटेल त्याला सांगत सुटले, यंदा मी खरं सांगणार. चांगलंही नाही, वाईटही नाही. येत्या वर्षाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, हे खरं."

राजवीरनं मोबाइल खिशात ठेवला.

"ते आकडे मागे घेता येत नाहीत," राजवीर म्हणाला. अजूनही नम्रपणे. "त्यांच्यावर पुढचं सगळं ठरलंय. मुंबईतली माझी नेमणूकही. मी सरांच्या पाया पडलो. म्हटलं, नेहमीसारखं एक व्याख्यान द्या, कोण बघायला जातंय? ऐकेनात." त्याची नजर जोतीरामांवर स्थिरावली. "तुम्ही खात्यात होता ना, काका? बाकीच्या जिल्ह्यांतून आकडे यायचे ते दारोदार फिरून आणलेले असायचे, असं वाटतं तुम्हाला?"

जोतीरामांना आयुष्यभराच्या बेरजा पायाखालून सरकल्यासारख्या वाटल्या. पोलीस राजवीरला घेऊन गेले तेव्हाही ते तिथंच उभे होते.

दिवेलागणीला जीपमधून आकाराम उतरला. कुणाशी न बोलता त्यानं म्हशीची कास धुतली आणि तिच्याजवळ बसला. बनाबाईनं ग्लास मांडले. रस्त्यापलीकडची गर्दी वाढली होती. सगळ्यांना सगळं कळलं होतं, आकाराम निर्दोष आहे हे मान्य होतं. ग्लास मात्र कुणी उचलेना. रोज येणारे दोघं पैलवानसुद्धा मोबाइल बघत उभे होते.

"आज कुनी न्हाई प्यालं," बनाबाई हळूच म्हणाली, "तर उद्या कोन बी यायचं न्हाई."

संयोगितानं जोतीरामांकडे बघितलं नाही. बघायची गरज पडली नाही. त्यांनी स्वतःच एक ग्लास उचलला आणि सडाखाली धरला. धार वाजली, फेस वर आला. त्यांनी डोळे मिटून ग्लास रिकामा केला.

अख्खा चौक त्यांच्या पायांकडे बघत होता. रिकामा ग्लास ठेवून ते कट्ट्याच्या पायरीवर बसायला वळले.

आकारामनं मान वर न करताच सांगितलं, "पावनं, बसू नगासा. जरा येळ उभंच ऱ्हावा. बसलासा तर पडला म्हंत्यात."

जोतीराम उभे राहिले.