टीप क्रमांक सत्तावीस

झेरॉक्स मशीनमधून माझी बारा पानं यायला हवी होती. ट्रेमध्ये निघाली तेरा.

तेरावं पान माझं नव्हतं. ते मी वाचायला नको होतं... पण तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, ऑडिटच्या टीममध्ये सगळ्यात धाकटी. आणि हाती आलेला कागद वाचल्याशिवाय खाली ठेवायचा नाही, हे आमच्या मॅडमनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

आम्ही जिचं ऑडिट करत होतो, ती कंपनी पाणी तापवायच्या टाक्या बनवायची. एका लॉजच्या मालकाने तिच्यावर दावा लावला होता. तीन टाक्या फुटल्या होत्या, एका नोकराचे हात भाजले होते. 'किरकोळ प्रकरण आहे, सुटून जाईल,' असं आम्हाला सांगण्यात आलं होतं. त्या पानावर मात्र बाहेरच्या एका नावाजलेल्या वकिलाने लिहिलं होतं की टाकीच्या झडपेतला दोष कोर्टात सिद्ध होण्याची दाट शक्यता आहे. आणि एकदा का हा दावा हरलो, की तीच झडप बसवलेल्या चार हजार टाक्यांचे मालक रांगेत उभे राहतील.

"अहो... ते एक पान—"

मी वळून पाहिलं. दारात एक उंच, किडकिडीत मुलगा धापा टाकत उभा होता. शर्टाच्या खिशाला शाईचा निळा डाग. कंपनीच्या कायदा विभागातला हा ज्युनिअर. अकाउंट्सवाले त्याला 'कलम' म्हणायचे, कारण जेवायला हाक मारली तरी तो कुठल्यातरी कलमाचा आधार घेऊनच उठायचा म्हणे.

"हे?" मी पान वर धरलं.

"हो. ट्रेमध्येच राहिलं." त्याचा पुढे आलेला हात मध्येच थांबला. "तुम्ही वाचलं... नाही ना?"

"वाचलं."

"सगळं?"

"खालच्या सहीसकट."

त्याचा चेहरा एवढासा झाला. मला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली.

"परत घ्या," मी म्हटलं. "उद्या आम्ही सगळ्या दाव्यांवर तुमचं मत लेखी मागणार आहोत. तेव्हा हे तुमच्या हाताने द्या."

"आणि नाही दिलं तर?"

"तर मला मॅडमना सांगावं लागेल. पण तुम्ही दिलंत, तर बरं वाटेल... मला."

ते शेवटचं 'मला' तोंडातून कसं निसटलं, कोण जाणे!

त्यानंतरचे दहा दिवस आजही मला तासातासाने आठवतात. आम्हाला बसायला दिलेली खोली चिंचोळी होती, गोडाऊनच्या पत्र्यांना लागून. पाऊस आला की पत्रे असे वाजायचे की समोरच्या माणसाशी बोलायला थोडं पुढे वाकावं लागायचं. तो फाइली घेऊन यायचा. एका वेळी एक.

"सगळ्या एकदम आणता आल्या असत्या की," मी एकदा म्हटलं.

"आल्या असत्या. पण मग मी एकदाच आलो असतो."

मी हिरव्या पेन्सिलीने एकाच आकड्यावर दोनदा खूण केली.

"कोपऱ्यावर चांगला चहा मिळतो," तो वाकून म्हणाला. पाऊस तेव्हा थांबलेला होता, वाकायची काही गरज नव्हती.

"ताळेबंदावर सह्या होईपर्यंत नाही. ज्यांचं ऑडिट करतो, त्यांच्याबरोबर फिरायचं नाही. नियम आहे."

"आणि सह्या झाल्यावर?"

"तेव्हा विचारून बघा."

पण दाव्यांची यादी आली, तेव्हा लॉजवाल्याच्या नावापुढची जागा कोरी होती. दोन दिवस कोरीच राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. दाराच्या काचेतून मला दोघं दिसत होते. साहेब खुर्चीत रेलून हसत बोलत होते. हा उभा होता, आणि पाठीमागे बांधलेल्या हातांची बोटं एकमेकांना नुसती चोळत होती.

साहेब काय म्हणाले ते मला नंतर कळलं. महिन्याभरात कंपनीचे शेअर लोकांना विकायला काढायचे होते. "हरण्याची शक्यता नगण्य, एवढं लिहून टाक," साहेब म्हणाले होते. "तुझं काय जातंय? वर्षअखेरीला बढती आहे तुझी."

तो बाहेर आला, तो सरळ माझ्या टेबलाकडे. पत्र ठेवलं. कोऱ्या जागेत त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं— दाट शक्यता. खाली सही. मागे ते पान जोडलेलं.

"हात थरथरतोय तुमचा," मी हळूच म्हटलं.

"थरथरू दे. सही झाल्यावर थरथरतोय."

त्या क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले. मी पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

मॅडम आणि मोठे साहेब दोन दिवस बंद दाराआड भांडले. मॅडम हटल्या नाहीत. ताळेबंदाच्या मागे टीप क्रमांक सत्तावीस छापली गेली, अकरा ओळींची. दावा, झडप, चार हजार टाक्या... सगळं त्यात आलं. शेअरविक्री लांबणीवर पडली, आणि कंपनीने घरोघरी माणसं पाठवून झडपा बदलायला घेतल्या.

सह्यांच्या दिवशी मी दोनदा वेणी घातली. ऑफिसात पोचले, तर त्याचं टेबल रिकामं.

"त्याला काल नारळ दिला," टेलिफोनवरच्या बाई म्हणाल्या. "साडेअकराच्या गाडीने चाललाय. परगावच्या कुठल्याशा म्हाताऱ्या वकिलाकडे काम बघितलंय."

घड्याळात अकरा वाजून गेले होते. मॅडमकडे पाहिलं. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "सह्या झाल्यात. जा."

स्टँडवर तो पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता. शेजारी त्याला पोचवायला आलेली त्याची आई.

"आई, या ऑडिटच्या—"

"कळलं," आईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं.

"काकू, माझ्यामुळे यांची नोकरी..." मी म्हटलं.

"तुझ्यामुळे कशाला? सही त्याने केली," त्या म्हणाल्या. "याच्या वडिलांचा जन्म साहेबांच्या हो ला हो करण्यात गेला. रात्र रात्र झोप नसायची त्यांना. हा मात्र सही केल्यापासून घोरतोय."

तो कानापर्यंत लाल झाला. गाडी लागली. त्याने ट्रंक चढवली, खिडकीशी बसला... आणि मला एकदम वाटलं, आपण अजून काहीच बोललो नाही. मी गाडीत चढले.

"अहो, गाडी सुटतेय!"

"पुढच्या थांब्याला उतरते."

मी त्या थांब्याचं तिकीट काढलं. थांबा आला, पण मी अजून पहिल्या वाक्यावरच अडखळत होते. पुन्हा तिकीट काढलं. दुसरा थांबा आला, तेव्हा तो आपल्या नव्या खोलीबद्दल सांगत होता, आणि मध्येच त्याने माझा हात हातात घेतला होता... मग उतरणार कशी?

"बाई, एकदाच काय ते ठरवा," तिसऱ्यांदा आलेला कंडक्टर वैतागला. "कुठपर्यंत जायचंय?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता, पण हात सोडला नव्हता.

"तू सांग," तो पुटपुटला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता तो मला.

"शेवटच्या थांब्यापर्यंत," मी कंडक्टरला म्हटलं.

संध्याकाळच्या गाडीने मी एकटी परत आले. पुढच्या वर्षी त्याच रस्त्याने गेले, ती कायमची. बाजूच्या सीटवर सासूबाई होत्या, आणि तिकिटं मीच काढली, तिघांची.