आईंच्या बाथरूमची लाईन

पटणार नाही कदाचित, पण हे माझ्याच घरात घडलंय. याच श्रावणात. ठाण्यात, वागळे इस्टेटच्या मागे आमचं तळमजल्याचं घर आहे.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

सोसायटीतल्या दोन मुलांना टायफॉइड झालेला. माझा नवरा केदार सांडपाणी तपासणाऱ्या टीममध्ये आहे. गॉजची पट्टी दोरीला बांधून ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडायची, मग लॅबला द्यायची. जंतू सापडले की त्या लाईनीवरचं मागचं चेंबर. असं मागे मागे जात, जंतू ज्याच्या पोटातून येतात त्याच्या घरापर्यंत पोचायचं. त्या माणसाला स्वतःला काहीच होत नसतं.

पट्टी रस्त्यावरून गेटात आली. गेटातून आमच्या विंगला.

मग... आमच्या दाराशी.

मी, केदार, आमची वर्षाची श्रिया. तिघांच्याही तपासण्या झाल्या. काही निघालं नाही.

आमच्या चेंबरमध्ये दोन पाईप येतात. केदारने दोन्हींत वेगवेगळ्या पट्ट्या लावल्या. आमच्या बाथरूमची स्वच्छ आली.

जंतू आईंच्या बाथरूमच्या लाईनीत होते.

माझ्या सासूबाई चैत्रात गेल्या. तेव्हापासून त्यांची खोली कुणी वापरत नाही. त्या पाईपातून पाणीच जायला नको.

केदार म्हणाला, जुनं काही अडकलं असेल. पण माझ्याकडे बघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेलेला. श्रिया पाळण्यात. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते.

आईंच्या खोलीतून नळाचा आवाज आला...

कुणीतरी हात धूत होतं. साबण चोळून चोळून. खूप वेळ.

मी धावले ती पाळण्याकडे. श्रिया जागी होती. हसत होती.

तिच्या ओठांना... कालवलेला वरणभात.

माझा कुकर अजून उघडलाही नव्हता.

आई तिला हातानेच भरवायच्या. मी चमचा पुढे केला की म्हणायच्या, “साहेबीण आहे का गं ती?”

मला भीती नाही वाटली. रडू आलं. जंतू आपल्याच पोटातून जात होते, हे त्यांना आता कळलं असणार. म्हणून तर इतके हात धूत होत्या.

पण लेकरू माझं होतं.

मी त्या दाराशी गेले. म्हटलं, “आई, नका ना येऊ.”

नळ थांबला.

मी बाहेरून कडी घातली.

त्यानंतरची पट्टी स्वच्छ आली. पुढचीही. दोन्ही मुलं बरी झाली. श्रियाला काही झालं नाही. सगळे म्हणतात, सुटलो.

पण जेवायची वेळ झाली की श्रिया रांगत रांगत त्या दाराशी जाते...

आणि तोंड उघडून बसून राहते.